वादळाची वार्ता कोणासाठीं?

कौटिलीय अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना निरनिराळ्या प्रदेशांत पडणाऱ्या पावसाचे आंकडे दिलेले आहेत. जांगल प्रदेशास १६ द्रोण, अश्मकास साडेतेरा, अवंतीस २३. आणि अपरांताचा, म्हणजे आपल्या कोंकणाचा, उल्लेख येतो तेव्हां मात्र आंकडा संपतो व तेथील पाऊस 'अमित' म्हणून ग्रंथकार पुढें जातो. कोठारांत अरत्निभर तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा असें ज्या ग्रंथानें दुसऱ्या प्रकरणांत सांगितलें, त्याच ग्रंथानें कोंकणच्या पावसापुढें हात टेकावे, ही गोष्ट आम्हां पनवेलकरांस मौजेची वाटते. अर्थात या मोजणीचा हेतु कोणास सावध करणें हा नव्हता. कोणत्या जमिनींत कोणतें बीं टाकावें आणि राजाच्या शेतांतून किती धान्य यावें, हें ठरविण्यासाठीं ती मोजणी होती. पर्जन्याच्या भाकिताचा पुढील सारा इतिहास वाचतांना हा एक प्रश्न, कीं ही वार्ता कोणासाठीं गोळा होत होती, मनांत बाळगला तर पुष्कळ गोष्टी उलगडतात असें आम्हांस वाटतें; आणि म्हणूनच तो प्रश्न या लेखाच्या मथळ्यावर घातला आहे.

वराहमिहिराची दृष्टि निराळी. बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भाचें एक प्रकरण आहे. मार्गशीर्षापासून आकाशांत दिसणाऱ्या लक्षणांवरून गर्भधारणा ओळखावी आणि तेथून १९५ दिवसांनीं तो गर्भ प्रसवेल असें समजावें, असा त्यांतील हिशेब. आजच्या शास्त्रास हा हिशेब मान्य होणार नाहीं. परंतु हिंवाळ्यांतील आकाशाचा पावसाळ्याशीं कांहीं संबंध असला पाहिजे ही मूळ कल्पना मुळींच टाकाऊ नाहीं, आणि पुढें ब्लॅनफर्डसाहेब हिमालयाच्या बर्फावरून मोसमी पावसाचा अदमास बांधूं लागले तेव्हां तेहि वेगळ्या साधनांनीं याच वाटेस लागले होते. आमच्या कोंकणांतील शेतकरी संहिता वाचीत नव्हता. त्याचा हिशेब नक्षत्रांचा: मृगांत पेर, पुढें लावणीची घाई, आणि अखेरीस हस्ताचा गडगडाटी पाऊस. यंदां नक्षत्राचें वाहन बेडूक आहे कीं म्हैस, हें पंचांगांत पाहून तो पावसाचा आडाखा बांधी. या ज्ञानास हंसणें सोपें आहे. तें ऋतूचें ज्ञान होतें आणि ऋतूपुरतें खरें होतें. अमक्या दिवशीं अमक्या डोंगरावर ढग फुटेल कीं नाहीं हा प्रश्न त्यानें विचारलाच नव्हता. तो प्रश्न विचारण्याचें धाडस होण्यास तारायंत्र यावें लागलें.

मुंबईस कुलाब्याच्या टोंकाशीं ईस्ट इंडिया कंपनीनें वेधशाळा उभारली ती १८२६ च्या सुमारास. तिचा मूळ हेतु नाविक होता. १८४१ पासून तेथें चुंबकत्वाचीं व हवेचीं नियमित निरीक्षणें सुरू झालीं. एल्फिन्स्टन संस्थेंतील प्राध्यापक आर्लिबार हे त्यांचे प्रमुख. या कामांत मराठी मंडळींचा हात होता, हें आपल्याकडे फारसें कोणी सांगत नाहीं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे कांहीं काळ या वेधशाळेची व्यवस्था होती. अष्टागरांतील नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे हे तर सोळा वर्षांचें वयहि ओलांडलें न ओलांडलें तोंच तेथें साहाय्यक म्हणून लागले आणि सुमारें दहा वर्षें राहिले. टिळकांचे गुरु, 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' लिहिणारे गणिती, म्हणून नानांची ओळख सर्वांस आहे. परंतु त्यांच्या बुद्धीचें पहिलें वळण या निरीक्षणांत पडलें असावें असें आमचें अनुमान आहे. वायुभारमापकाचा पारा पाहावयाचा, कोरड्या व ओल्या तापमापकांतील अंतर टिपावयाचें, वाऱ्याची दिशा लिहावयाची, आणि ठरल्या घटकेस पुन्हां तेंच. या कंटाळवाण्या कामांतून जी शिस्त येते ती पुस्तकांतून येत नाहीं. तथापि एका ठिकाणचें टिपण कितीहि काटेकोर असलें तरी तें घडून गेलेल्या हवेचा जमाखर्च असतें. भाकितास शंभर ठिकाणचीं टिपणें लागतात, आणि तीं एकाच वेळचीं, एकाच टेबलावर, वादळ पोंचण्यापूर्वीं यावीं लागतात.

१८५४ सालच्या नोव्हेंबरांत दोन वादळें झालीं. पहिलें महिन्याच्या आरंभीं मुंबईवर आलें. चार तासांत सुमारें हजार माणसें व अपरंपार मालमत्ता नाहींशी झाल्याची नोंद आहे. दुसरें १४ तारखेस काळ्या समुद्रांत बालाक्लावा येथें नांगरलेल्या इंग्रज व फ्रेंच आरमारावर कोसळलें. दुसऱ्याचा परिणाम असा झाला, कीं फ्रेंच सरकारनें नेपच्यून ग्रहाचें स्थान गणितानें सांगणाऱ्या लव्हेरिए या ज्योतिर्विदास चौकशी सोंपविली, त्यानें सगळ्या युरोपांतून टिपणें मागवून तें वादळ खंडभर कसें सरकत गेलें होतें हें दाखवून दिलें, आणि तारेनें जोडलेल्या वेधशाळांचें जाळें फ्रान्सांत उभें राहूं लागलें. मुंबईच्या वादळाचा असा कांहींच परिणाम झाला नाहीं. मेलेले लोक खलाशी, कोळी, बंदरावरचे मजूर असे होते; त्यांत युद्धनौका नव्हत्या. इतिहासकारानें एवढ्यावरून फार मोठा सिद्धांत काढूं नये हें खरें, पण हा योगायोग विसरण्याजोगाहि नाहीं.

इंग्लंडांत अॅडमिरल फिट्झरॉय यांनीं १८६१ च्या ऑगस्टपासून लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत लोकांसाठीं रोजचें भाकीत छापण्यास सुरुवात केली. विद्वानांनीं त्यांची टर उडविली; १८६५ सालीं त्यांनीं आत्महत्या केली; पुढल्या वर्षीं सरकारनें बंदरांवरचे वादळाचे इशारेहि थांबविले. तेव्हां ओरड झाली ती विद्वानांकडून नव्हे, किनाऱ्यावरच्या लोकांकडून. आणि १८६७ सालीं इशारे पुन्हां सुरू करावे लागले. चुकणारें भाकीतहि ज्यास जीव वाचविण्यास उपयोगी पडतें त्यास तें हवें असतें. ज्याची केवळ प्रतिष्ठा पणास लागलेली असते, त्यास तें नको असतें.

आपल्याकडे याच काळांत कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नांवाचा एक विलक्षण गृहस्थ होऊन गेला. वर्तुळाकार फिरणाऱ्या वादळास 'सायक्लोन' हें नांव त्यानें दिलें. तें त्याच्या १८४८ सालच्या नाविकांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत आलें आहे. मातला नदीच्या मुखाशीं सरकार नवें बंदर वसवूं पाहत होतें, तेव्हां त्यानें १८५३ सालीं डलहौसीस जाहीर पत्र लिहून बजाविलें, कीं येथें एके दिवशीं वादळाबरोबर समुद्र आंत येईल व सारें धुऊन नेईल. कोणीं ऐकलें नाहीं. पोर्ट कॅनिंग वसलें, आणि १८६७ च्या वादळांत तें उद्ध्वस्त झालें. पिडिंग्टन त्यापूर्वींच नऊ वर्षें मरण पावला होता.

मध्यंतरीं ५ ऑक्टोबर १८६४ चें कलकत्त्याचें भयंकर वादळ होऊन गेलें होतें; पन्नास हजारांवर माणसें त्यांत मेलीं. दुसऱ्याच वर्षीं कलकत्ता बंदरासाठीं इशाऱ्यांची व्यवस्था झाली, आणि १८७५ सालीं हिंदुस्थान सरकारचें हवामानखातें निघून हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. तोंपर्यंत प्रत्येक इलाख्याचा कारभार निराळा होता. मुंबई इलाख्याच्या हवामानावर कुलाब्याचे चार्ल्स चेंबर्स यांनीं १८७८ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला तो याच वळणावरचा. आतां सर्व देशभर एका घटकेस, एका पद्धतीनें निरीक्षणें होऊं लागलीं, तीं तारेनें एकत्र येऊं लागलीं, आणि ब्रह्मदेशापासून सिंधपर्यंतची हवा एका नकाशावर पाहण्याची सोय झाली. पेशावरास पारा उतरला तर दोन दिवसांनीं बंगाल्यांत काय होईल, हा विचार करणें प्रथमच शक्य झालें. बंदरांवर दिवसा खुणा व रात्रीं दिवे चढूं लागले. तांडेलास वाचतां येत नसलें तरी खूण कळत असे. या व्यवस्थेनें किती गलबतें वाचलीं याची मोजदाद नाहीं, कारण न बुडालेल्या गलबतांची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

येथें एका खोट्या वादळाची हकीकत सांगितली पाहिजे. जगांतील मोठ्या वादळांच्या कित्येक याद्यांत १८८२ सालच्या जून महिन्यांत मुंबईवर आलेलें व लाखभर माणसें मारणारें एक वादळ नमूद असतें. मुंबईसारख्या शहरांत लाख माणसें मेलीं असतीं तर वर्तमानपत्रें, म्युनिसिपालिटीचे अहवाल व कुलाब्याचीं टिपणें त्यानें भरून गेलीं असतीं. तसें कांहींएक नाहीं. अलीकडे अमिताव घोष यांनीं आपल्या २०१६ च्या पुस्तकांत या वादळाचा माग काढूं पाहिला, तेव्हां त्यांच्याहि हातीं पुरावा लागला नाहीं. कुलाब्याच्या कारकुनाचें शुष्क टिपण अशा वेळीं कामास येतें, आणि न झालेलें वादळहि तें पुसून टाकतें.

बंदरांनंतर भाकिताचा दुसरा धनी म्हणजे सरकारचा खजिना. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें महसूल बुडाला, माणसें मेलीं, आणि पाऊस येणार कीं नाहीं हें आधीं कळेल काय, असा प्रश्न सरकारनें हवामानखात्यास टाकला. ब्लॅनफर्डनीं हिमालयावरील बर्फाचें मान पाहून १८८० नंतरच्या दशकांत मोसमी पावसाचीं भाकितें करण्यास सुरुवात केली. त्यांच्यामागून आलेल्या सर जॉन इलियटांनीं त्यांत आणखी पुष्कळ बाबी घातल्या, आणि १८९९ सालीं चांगल्या पावसाचें भाकीत केलें. तें वर्ष छपन्नाच्या दुष्काळाचें ठरलें. त्यानंतर सरकारनें काय केलें हें पाहण्यासारखें आहे. भाकितें बंद झालीं नाहींत. कांहीं वर्षें तीं गोपनीय राहिलीं. म्हणजे अदमास बांधावयाचा, परंतु तो सरकारनेंच वाचावयाचा. कौटिल्याचें कुंड पुन्हां कोठारांत गेलें!

१९०४ सालीं आलेले सर गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवेचें शास्त्र त्यांनीं फारसें शिकलेलें नव्हतें, आणि आमच्या मतें तेंच त्यांच्या पथ्यावर पडलें. जगभरच्या वेधशाळांचे आंकडे घेऊन, हिंदी कारकुनांकडून वर्षानुवर्षें गुणाकार-भागाकार करवून, त्यांनीं दूरदूरच्या हवांतील नातीं शोधलीं. पॅसिफिक महासागरावरचा वायुभार चढला कीं हिंदी महासागरावरचा उतरतो, ही तराजूसारखी हालचाल त्यांच्या हातीं आली व तिला त्यांनीं दक्षिणी आंदोलन असें नांव दिलें. ज्या मोसमी पावसाच्या भाकितासाठीं हें सगळें केलें तें भाकीत त्यांना साधलें नाहीं. पण आज 'एल निनो' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं ज्या सहजतेनें येतो त्याच्या मागें त्या कारकुनांची आंकडेमोड आहे.

१९२८ सालीं खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. पुणेकर अजून त्या इमारतीस सिमला ऑफिस म्हणतात. या सुमारास तिसरा धनी आला, तो म्हणजे वैमानिक. विमानास जमिनीवरच्या पाऱ्याशीं कर्तव्य नसतें. त्यास दहा हजार फुटांवर वारा कसा आहे व पुढें ढग किती उंच गेला आहे हें हवें असतें. म्हणून फुगे सोडून वरच्या हवेचा शोध घेण्याचें काम वाढलें, आणि त्यांतूनच गडगडाटी वादळाचा अभ्यास खऱ्या अर्थानें सुरू झाला. शेतकऱ्याचा क्रम सर्वांत शेवटीं लागला. शेतीच्या हवामानाची शाखा पुण्यास १९३२ सालीं निघाली व शेतकऱ्यांसाठीं रेडिओवरून हवामानवार्ता सुरू झाल्या त्या १९४५ सालीं. म्हणजे बंदरांच्या इशाऱ्यांनंतर ८० वर्षांनीं.

आतां गडगडाटी वादळ म्हणजे काय आणि त्याचें भाकीत इतकें अवघड कां, हें थोडें सांगितलें पाहिजे. चक्रीवादळ शेंकडों मैल रुंद असतें, समुद्रावर कित्येक दिवस जगतें, आणि एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातें. तारेचा वेग त्याच्या वेगाहून अधिक असल्यामुळें त्याची वार्ता पुढें धाडतां येते. गडगडाटी ढग सात-आठ मैलांचा. त्याचें आयुष्य तासा-दीडतासाचें. आणि तो बाहेरून येत नाहीं, डोक्यावरच जन्मतो. ज्याची वार्ता धाडावयाची तो मुळीं जन्मलेलाच नसतो! म्हणून येथें भाकीत करावयाचें तें ढगाचें नव्हे, तर ढग जन्मास येण्याजोग्या परिस्थितीचें. खालीं उष्ण व दमट हवा, वर थंड व कोरडी; या दोहोंमध्यें बहुधा एक ऊबदार थर झांकणासारखा बसलेला; आणि तें झांकण उचलणारें कांहीं तरी निमित्त, मग तो डोंगर असो, समुद्रावरचा वारा असो, कीं दुपारची तापलेली जमीन असो. झांकण उडालें कीं खालची हवा वर धांवते, तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतांना उष्णता सुटते, त्या उष्णतेनें ती आणखी वर जाते. वर-खालच्या वाऱ्यांच्या दिशा व वेग निराळे असले तर ढगाचा चढता प्रवाह व पडता पाऊस एकमेकांच्या आड येत नाहींत आणि ढग अधिक काळ जगतो. देशावर चैत्र-वैशाखांत दुपारी चारच्या सुमारास जो वळीव येतो, तो याच कुळांतला.

बंगाल्यांतील कालबैशाखीचा या दृष्टीनें बराच अभ्यास झाला. विमानांची वर्दळ तेथें मोठी होती. अमेरिकेंत तर एक चमत्कारिक गोष्ट घडली. तेथील 'टॉर्नेडो' नामक वावटळींचें भाकीत करण्याचा प्रयोग जॉन फिन्ले यांनीं १८८४ सालीं केला होता, पण लोक घाबरतील या सबबीवर पुढें तो शब्दच सरकारी भाकितांतून काढून टाकण्यांत आला, आणि १९३८ पर्यंत ही बंदी चालली. पुढचें पाऊल टाकलें तें लष्करानें. ओक्लाहोमांतील एका विमानतळावर २० मार्च १९४८ रोजीं अशी वावटळ येऊन विमानांची नासाडी झाली. फॉबुश व मिलर या दोन अधिकाऱ्यांस पांच दिवसांनीं नकाशावर तीच लक्षणें दिसलीं, त्यांनीं धीर करून भाकीत दिलें, आणि त्याच संध्याकाळीं, त्याच तळावर, वावटळ खरोखरच आली. तेव्हांपासून खंडभर पसरलेल्या गडगडाटी वादळांचें भाकीत हा शास्त्राचा मान्य विषय झाला. आपल्याकडे वादळें टिपणारें रडार १९५४ सालीं दमदम विमानतळावर बसलें. तारायंत्रास जें दिसत नव्हतें तें रडारास दिसूं लागलें: जन्मलेला ढग, त्यांतील पाऊस, त्याची चाल.

कोंकणी माणसास एक गोष्ट न शिकवितां ठाऊक असते. मेघगर्जना ही पावसाच्या येण्याची व जाण्याची. ज्येष्ठाच्या अखेरीस मृग गर्जत येतो, आश्विनांत हस्त गर्जत जातो. मधल्या आषाढ-श्रावणांत पाऊस मुकाट्यानें पडतो, रात्रंदिवस पडतो, पण बहुधा गर्जत नाहीं. याचें कारण असें, कीं त्या दिवसांत खालपासून वरपर्यंत हवा सारखीच भिजलेली असते. झांकणहि नसतें आणि स्फोटहि नसतो. २६ जुलै २००५ रोजीं हा नियम मोडला. भर आषाढांत, दुपारनंतर, मुंबईच्या उत्तर भागावर विजा कडाडूं लागल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठास मोजलें तेव्हां सांताक्रूझच्या मापकांत २४ तासांचा पाऊस ९४४ मिलिमीटर भरला होता, आणि त्याच २४ तासांत कुलाब्याच्या वेधशाळेंत अवघा ७३ मिलिमीटर. दोहोंमधील अंतर तें केवढें! नानांच्या वेळेपासून ज्या वेधशाळेनें एक तास न चुकतां पारा टिपला, तिच्या अंगणांत त्या दिवशीं साधा पावसाळी दिवस होता. पनवेलास गाढी नदी पात्र सोडून सखल वस्तींत शिरली, तिकडे महाड तालुक्यांत दासगांव, जुई, रोहण, कोंडिवते येथें दरडी कोसळून शेंकडों माणसें गाडलीं गेलीं, आणि महाराष्ट्रभर मेलेल्यांची संख्या हजारांवर गेली. कोंकणांत जोराचा पाऊस पडेल एवढें भाकीत होतें. परंतु कोंकणांत जोराचा पाऊस पडेल हें आषाढांत कोणीहि सांगूं शकतो. मुंबईस तेव्हां ढगाच्या पोटांतील वाऱ्याची गति सांगणारें डॉप्लर रडार नव्हतें. चेन्नईस तें २००२ पासून होतें.

त्यानंतरची प्रगति लहान नाहीं, आणि ती न सांगणें अन्याय होईल. मुंबईस डॉप्लर रडारें आलीं. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानसंस्थेनें विजा टिपणाऱ्या यंत्रांचें जाळें विणलें, आणि 'दामिनी' या नांवानें त्याची सूचना आज रानांत गुरें राखणाऱ्याच्याहि मोबाइलवर येऊं शकते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें तेव्हां त्याची वाट आधीं सांगितली गेली होती; हजारों माणसें किनाऱ्यावरून हलविलीं गेलीं. नारळी-पोफळीच्या बागा श्रीवर्धन-दिवेआगरास भुईसपाट झाल्या, पण माणसें वाचलीं. १८५४ च्या मुंबईच्या वादळाशेजारीं ही गोष्ट ठेवून पाहावी, म्हणजे मधल्या १६६ वर्षांचें चीज झालें असें म्हणण्यास प्रत्यवाय राहत नाहीं. त्याच पुण्याच्या संस्थेनें सिद्ध केलेली नवी भाकितपद्धति २६ मे २०२५ पासून हवामानखात्यानें स्वीकारली. तिच्यांत पूर्वींच्या १२ किलोमीटरांच्या ऐवजीं ६ किलोमीटरांच्या चौकोनांनीं पृथ्वी आंखलेली आहे.

सहा किलोमीटरांचा चौकोन म्हणजे काय, हें आमच्या प्रदेशांत पाहावें. प्रबळगडाच्या पलीकडे इरशाळगड आहे. पायथ्यापासून सुळक्यापर्यंतचा सारा गड, त्याच्या उतारावरची ठाकरांची वाडी, खालचीं भातखाचरें व मोरबे धरणाच्या पाण्याचा कांहीं भाग, हें सर्व अशा एका चौकोनांत सहज मावतें. आणि त्या सर्वांस मिळून पावसाचा एकच आंकडा मिळतो. वस्तुतः घाटाच्या तोंडाशीं पाऊस दर अर्ध्या कोसास बदलतो. मावळतीकडच्या उताराला जो बदाबदा पडतो, तो मागच्या खोऱ्यांत निम्मा होतो. महाराष्ट्र सरकारनें दोन हजारांवर महसुली मंडळांत स्वयंचलित हवामानकेंद्रें बसविलीं आहेत हें खरें, परंतु महसुली मंडळ हा शब्दच सांगतो कीं मापक कोणत्या हिशेबानें बसला. पिकाचें नुकसान व विम्याचा दावा यांस तो पुरतो. तो सपाटीवरच्या गांवांत असतो; डोंगरावरच्या वाडींत नसतो.

दरडीचें भाकीत करण्यास तर पावसाचें भाकीतहि पुरत नाहीं. माती किती दिवस भिजत आहे, खालचा खडक कोणत्या बाजूस कललेला आहे, उतारावरचीं झाडें कधीं तुटलीं, हें ठाऊक असावें लागतें, आणि त्याहून अधिक म्हणजे, अमुक इतका पाऊस झाला कीं उठून खालीं जावयाचें असा आंकडा त्या वाडीपुरता ठरलेला असावा लागतो. वाडीच्या शाळेंत एक साधा पर्जन्यमापक, तो पाहणारा एक मनुष्य आणि पायथ्याशीं रात्र काढण्याजोगी एक कोरडी जागा, एवढ्या तीन गोष्टींवांचून उपग्रहाचें चित्र तेथवर पोंचत नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे. हें काम स्वस्त आहे, आणि कदाचित म्हणूनच तें कोणाच्या योजनेंत चटकन् बसत नाहीं.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळवाडीवर कडा कोसळला. आधींच्या तीन दिवसांत त्या भागांत सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. मोटार जाईल असा रस्ता नव्हता; मदतीस निघालेले लोक काळोखांत चिखलाची वाट चढून वर गेले. चार दिवस शोध चालला. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत, आणि ती जागाच त्यांचें दफनस्थान ठरली. दरडप्रवण गांवांची जी सरकारी यादी होती तींत या वाडीचें नांव नव्हतें, असें विधिमंडळांत सांगण्यांत आलें. अतिवृष्टीचा इशारा मात्र त्या दिवशीं दिलेला होता. तो रायगड जिल्ह्यास होता, आणि रायगड जिल्ह्याचें क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे.